जुनं युनिक्स की सीपी/एम? कोडवर टिपणं लिहून वाटायची असतील तर

जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड फक्त स्वतःसाठी वाचायचा असेल तर फार विचार करू नका. हवा तो उतरवून घ्या आणि वाचा. खरी पंचाईत सुरू होते ती कोडच्या ओळींमध्ये आपली टिपणं घालून, दोन-चार बदल करून, ते बाड दुसऱ्यांच्या हाती देताना. मला नेमकं तेच करायचं होतं.

काही नावं लगेच गळाली. ॲपलच्या लिसा या जुन्या कॉम्प्युटरचा कोड कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने 2023 मध्ये खुला केला, पण तो अभ्यासापुरता. पुढे कोणाला देता येत नाही. संशोधन युनिक्सच्या (म्हणजे बेल लॅब्जमध्ये घडलेल्या मूळ युनिक्सच्या) आठव्या ते दहाव्या आवृत्त्यांवर हक्क सांगणार नाही, असं मालकांनी 2017 मध्ये जाहीर केलं, तेही वापर अव्यावसायिक असेपर्यंतच. उद्या वर्गाची नाममात्र फी घेतली तर? मायक्रोसॉफ्टच्या एमएस-डॉसचा लायसन्सचा कागद सगळ्यात स्वच्छ आहे. 2014 मध्ये तोही संशोधनापुरताच मिळत होता, पण 2018 मध्ये 1.25 आणि 2.0 या आवृत्त्या एमआयटी लायसन्सखाली (बदला, वाटा, विका, सगळं चालतं) आल्या, 2024 मध्ये 4.00 सुद्धा. फक्त कागदच पाहायचा असेल तर डोळे मिटून डॉस घ्या. माझं मन त्या कोडमध्ये रमलं नाही, हा माझा दोष.

उरले दोन: युनिक्सची सहावी-सातवी आवृत्ती आणि सीपी/एम 2.2, म्हणजे सत्तरच्या दशकात छोट्या कॉम्प्युटरांवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

वाचनाचा आनंद म्हणाल तर तुलनाच नाही. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, दहा हजार ओळींच्या आत बसतं, बहुतेक सी भाषेत आहे, आणि एका माणसाला ते अख्खं डोक्यात मावू शकतं. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक जॉन लायन्स यांनी सत्तरच्या दशकात त्यावर विद्यार्थ्यांसाठी टिपणं लिहिली. पुढे सातव्या आवृत्तीच्या लायसन्सने वर्गात कोड शिकवायलाच मनाई केली आणि ती टिपणं वर्षानुवर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून फिरत राहिली. रीतसर छापली गेली ती 1996 मध्ये. असल्या कोडवर आपणही चार ओळी लिहाव्यात, हा मोह कोणाला होणार नाही? मीही तिथूनच सुरुवात केली.

अडलो ते लायसन्सच्या पानावर. जानेवारी 2002 मध्ये तेव्हा युनिक्सचे हक्क सांगणाऱ्या कॅल्डेरा इंटरनॅशनल या कंपनीने एक पत्र काढून पहिल्या ते सातव्या आवृत्त्या आणि 32व्ही (सातवीचंच 32-बिट रूप) मोकळ्या केल्या. सिस्टिम थ्री आणि सिस्टिम फाइव्ह या नंतरच्या व्यावसायिक आवृत्त्या स्पष्टपणे वगळल्या. अट साधी वाटते: कॅल्डेराच्या नावाची कॉपीराइटची ओळ तशीच ठेवा, आणि जाहिरातीत या सॉफ्टवेअरचा उल्लेख केलात तर ते कॅल्डेराने ‘विकसित केलेलं किंवा तिच्या मालकीचं’ आहे असं नमूद करा. यातलं ‘मालकीचं’ मला टोचायला लागलं. याच कंपनीने पुढे एससीओ ग्रुप हे नाव घेतलं आणि युनिक्सच्या मालकीवरून तिचा नोव्हेल या सॉफ्टवेअर कंपनीशी दावा चालला. नोव्हेलने 1995 मध्ये युनिक्सचा व्यवसाय विकला, त्या करारात विकलेल्या मालमत्तेची एक यादी होती आणि न विकलेल्या गोष्टींची दुसरी. कॉपीराइट त्या दुसऱ्या यादीत बसले होते. वर्षभराने केलेल्या दुरुस्तीने ते दिले की नाही, यावर भांडण. मार्च 2010 मध्ये ज्युरीने नोव्हेलच्या बाजूने कौल दिला आणि 2011 मध्ये अपिलातही तो टिकला.

म्हणजे माझ्या टिपणांच्या पहिल्याच पानावर मी अशा कंपनीचं नाव मालक म्हणून छापायचं, जिला ज्युरीने मालक मानलं नाही. बरं, तिसरंही एक मत आहेच: बीएसडी या युनिक्सपासून निघालेल्या सिस्टिमच्या खटल्यात 1993 मध्ये न्यायाधीशांनी म्हटलं होतं की कॉपीराइटची सूचना न लावता वाटल्यामुळे 32व्हीवरचा हक्क बहुधा गेलाच असावा. एका प्रश्नाला तीन उत्तरं! माझी पहिली काही पानं वाचून एकाने सहज विचारलं, ‘परवानगी कोणाची घेतलीस?’ पाऊण तास सांगत होतो. शेवटी तो म्हणाला, ‘म्हणजे नक्की नाहीच ना?’ या कोडवर टिपणं वाटली म्हणून कोणाला त्रास झाल्याचं मी ऐकलेलं नाही, हे खरंच. पण तो पाऊण तास मला दरवेळी नको होता.

सीपी/एमची वाट गंमत म्हणजे त्याच घरातून जाते. सीपी/एम बनवणारी डिजिटल रिसर्च ही कंपनी नोव्हेलने 1991 मध्ये घेतली आणि 1996 मध्ये तिचा वारसा विकला कॅल्डेरालाच. म्हणजे त्या नावाच्या आधीच्या कंपनीला. 2001 मध्ये कॅल्डेराचे संस्थापक ब्रायन स्पार्क्स यांनी दिलेली परवानगी एका विशिष्ट संग्रहापुरती वाटावी अशी होती, आणि त्यावरही वीसेक वर्षं कीस पाडला गेला. 2022 मध्ये त्यांनीच डीआरडॉस कंपनीतर्फे थोडक्यात खुलासा केला: वापरा, वाटा, बदला, आणि हा हक्क आमच्याकडे डिजिटल रिसर्चच्या खरेदीतून आला. काय देतो आणि कुठून आणलं, दोन्ही एकाच जागी. मला एवढंच हवं होतं.

या दाव्याची कोर्टात परीक्षा झालेली नाही, हे मान्य. आणि कोड इंटेलच्या जुन्या 8080 चिपच्या असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेत आहे, तेव्हा सी वाचणाऱ्याला पहिला आठवडा जड जाईल. पण आज्ञा वाचणारा भाग दोन किलोबाइट, फायली सांभाळणारा साडेतीन. हार्डवेअरचा भाग सोडला तर एवढ्यात अख्खी सिस्टिम संपते. हार्डवेअरशी बोलणारा तो भाग वेगळा काढून ठेवण्याची, सीपी/एमचे जनक गॅरी किल्डॉल यांची युक्ती इथे जितकी उघडी दिसते तितकी मी दुसरीकडे पाहिली नाही. स्पार्क्स यांच्या 2022 च्या खुलाशात सीपी/एमबरोबर त्यापासून निघालेल्या गोष्टींचाही उल्लेख आहे. त्यात काय काय येतं हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. मी 2.2 च्या बाहेर गेलो नाही.

तुमची मंडळी सी जाणणारी असतील आणि पाऊण तासाची तुमची तयारी असेल, तर युनिक्स घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त कॅल्डेराचं पत्र पूर्ण जोडा, आणि सिस्टिम थ्रीची एखादी सुबक फाइल आवडली म्हणून त्यात सरकवू नका. माझी युनिक्सची पानं अजून कपाटात आहेत, अधूनमधून काढून वाचतो. वाटली ती सीपी/एमची.