थायलंडची 'फोटो टूर': 1,69,700 रुपये, खोटे परमिट आणि साखळीतली हत्तीण

मी नागपूरचा. लग्नांचे फोटो हा धंदा आणि बौद्ध वास्तूंचे फोटो हा ध्यास. कामठीचे ड्रॅगन पॅलेस, दीक्षाभूमीचा स्तूप, गोराईचा आतून एकही खांब नसलेला पॅगोडा, सगळे करून झाले होते. डोक्यात होते थायलंडमधले चियांग राय. चित्रकार चालेर्मचाई कोसितपिपाट यांनी 1997 पासून उभारलेले पांढरे मंदिर, वाट रोंग खुन, आणि त्यांच्या शिष्याचे निळे मंदिर, वाट रोंग सुआ तेन. नेमकी ही ओढ थायलंडची 'फोटो टूर' विकणाऱ्या एका माणसाने हेरली. तो आजही पुढच्या बॅचचे बुकिंग घेतोय, म्हणून हे लिहितोय.

व्हॉट्सअॅप ग्रुप, दुसऱ्यांचे ढापलेले फोटो, 'शेवटच्या दोन सीट', हे सगळ्यांना माहीत आहे. पण ग्रुपवर रोजचा पहिला मेसेज 'जय भीम, नमो बुद्धाय' असायचा. त्याने माझ्या ओळखीतल्या दोघांची नावे सांगितली, ती खरी निघाली. अशा माणसावर विश्वास ठेवला यात माझे काय चुकले?

पॅकेज 1,24,000. त्यावर त्यावेळच्या दराने 5 टक्के टीसीएस, म्हणजे टूरवाल्याने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर, 6,200. मंदिराच्या गाभाऱ्यात पहाटे ट्रायपॉड लावून फोटो काढायचे 'विशेष परमिट', 18,500. आणि चियांग माईजवळ एका हत्तिणीच्या 'सुटकेसाठी' 21,000. एकूण 1,69,700. पावती फक्त पॅकेजची दिली. बाकीचे पैसे 'तिकडे रोख द्यावे लागतात' म्हणून वेगळ्या यूपीआयवर घेतले.

परमिटची पीडीएफ आठवली की आजही डोके भणभणते. वर थाई मजकूर, खाली लाल शिक्का, कोपऱ्यात आकडा: 2561. मी तो जावक क्रमांक समजलो. थायलंडमध्ये सरकारी कागदावर बुद्ध संवत असते, इसवी सनात 543 मिळवायचे. आम्ही जात होतो जानेवारी 2025 मध्ये, म्हणजे 2568. हा कागद 2018 चा, कुणाचा तरी जुना, फक्त नाव बदललेला. आपल्याकडे मंगल परिणयाच्या पत्रिकेवर बुद्ध संवत छापतात. अशा कितीतरी पत्रिका माझ्या कॅमेऱ्याखालून गेल्या आहेत. तो आकडा डोळ्यासमोर होता, आणि दिसला नाही. पण ज्या कागदातले एक अक्षर वाचता येत नाही, त्याचा कोपरा कोण तपासतो? कुणीच नाही, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते.

वाट रोंग खुनला पहाटे नाही, भर दुपारी नेले. पांढऱ्या गिलाव्यात बसवलेल्या आरशांच्या तुकड्यांवर ऊन असे आदळते की फोटोतला सगळा पांढरा भाग फुटतो, नक्षी दिसतच नाही. जमिनीतून वर आलेल्या शेकडो हातांवरून पूल जातो, त्यावरून मागे फिरता येत नाही. दारात रखवालदाराला परमिट दाखवले. त्याने शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. आत फोटो काढायला मनाई आहे, सगळ्यांनाच. त्याचे काहीच चुकले नाही. निळ्या मंदिरात तर प्रवेशच फुकट, त्याचेही पैसे परमिटमध्ये लावलेले.

मंदिराचे दुःख मी गिळले असते. हत्तीचे गिळवत नाही. 1989 मध्ये थायलंडने जंगलतोडीवर बंदी घातली, ओंडके ओढणारे हत्ती बेकार झाले आणि पर्यटनात आले. पाळीव हत्ती तिथल्या 1939 च्या कायद्याने ओझ्याचे जनावर ठरतो. त्यामुळे 'अभयारण्य' अशी पाटी लावून कुणीही धंदा करतो. आम्हाला सांगितले होते: इथे सवारी नाही, अंकुश नाही. अंकुश खरेच दिसला नाही. रात्री हॉटेलवर फोटो मोठा करून पाहिला, तर अंघोळ घालताना हत्तिणीच्या कानामागे ठेवलेल्या माहुताच्या मुठीत, दोन बोटांच्या मधून, खिळ्याचे टोक. शेडच्या मागे तीच हत्तीण आखूड साखळीत एकसारखी डोलत होती. जिची सुटका मी विकत घेतली होती, तीच ही. परत आल्यावर आधीच्या बॅचच्या नाशिकच्या एका ताईंनी त्यांचे फोटो पाठवले. डाव्या कानाला तीच खालून वर गेलेली चीर. त्यांनीही तिच्याच सुटकेचे पैसे भरले होते.

आता आपली व्यवस्था. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "विमानात बसलात ना? हॉटेलात राहिलात ना? मग फसवणूक कशी?" भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम 318 छापून नेले, तर कागद न वाचता परत सरकवला. सायबरवाले म्हणाले, ओटीपी कुणी चोरला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँक म्हणाली, पोलिसांचे पत्र आणा. पोलीस म्हणाले, बँकेचे आणा. थायलंडमध्ये तक्रार केली तेव्हा ऐकले की करार भारतात झालाय, भारतात जा. आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारे आयकराचे 26 एएस उघडून पाहिले, 6,200 रुपयांची नोंदच नाही. म्हणजे सरकारच्या नावाने घेतलेला करही खिशात, आणि आयकरवाल्यांचे उत्तर काय, 'ज्याने वसूल केला त्याला विचारा'! ज्याने फसवले त्यालाच विचारायचे असेल तर ही कार्यालये कशासाठी उघडी आहेत? प्रत्येकाने मला दुसऱ्याच्या दारात पाठवले, आणि प्रत्येक दारात तोंड मात्र मलाच लपवावे लागले.

टूरवाला टीसीएस घेतो म्हणाला की त्याचा पॅन आणि टॅन (कर कापणाऱ्याचा किंवा गोळा करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) तिथेच मागा. मंदिराच्या आत फोटोचे परमिट विकणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. हत्तींच्या जागी अंघोळ घालू देतात का, हे आधी विचारा. देत असतील तर हत्तीला वश करणारे काहीतरी माहुताच्या हातात आहे. रात्री हत्ती कसे बांधतात याचा फोटो मागा. पैसे गेल्याचे कळताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, माझ्यासारखे परत येईपर्यंत थांबू नका. पोलिसांनी नोंद नाकारली तर लेखी मागा.

ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंत फी नाही, हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही. माझी तक्रार दाखल झाली आहे. नाशिकच्या ताईंचे फोटो आणि माझे फोटो शेजारी लावून जोडलेत. याच माणसाबरोबर जे गेले असतील त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्या हत्तिणीचे डाव्या कानाचे फोटो पुसू नका, जोडायला हवे आहेत.