भवानी मंडपामागचं जुन्या पुस्तकांचं दुकान: माल चांगला, मांडणीवर भांडण

बोळातल्या या दुकानाला पाटी नाही, त्यामुळं पटकन सापडत नाही. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. धूळ भरपूर, दमा असेल तर रुमाल न्या.

मी बाळंतिणींच्या वॉर्डातून सिस्टर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळं हात आपोआप वैद्यकीय पुस्तकांकडं जातो. या खेपेला हुलिया पास्त्रानाचं इंग्रजी चरित्र मिळालं, तेही 'जादू-सर्कस'च्या खणात! ही बाई १८३४ साली मेक्सिकोत जन्मली. तोंडावर, अंगावर दाट केस, हिरड्या जाड, जन्मजातच विकार. इंग्रजी-स्पॅनिश गाणी म्हणायची, नाचायची. लोकांना दाखवली ती मात्र 'अस्वल-बाई' म्हणून. न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरनं ती माणूस आणि ओरांगउटानचा संकर असल्याचा दाखला दिला. डॉक्टर म्हणे! १८५७ ला लंडनमध्ये खेळ झाले. खेळाचा मालक थिओडोर लेंट, त्यानंच लग्न केलं तिच्याशी. १८६० ला मॉस्कोत बाळंत झाली. बाळाच्या अंगावरही केस होते. ते जेमतेम दीड दिवस जगलं, पाचव्या दिवशी तीही गेली. बाळंतीण दगावल्यावर भिंतीला डोकं आपटणारे नवरे मी पाहिलेत. या लेंटनं मसाला लावून टिकवलेले दोघांचे देह तिकीट लावून फिरवले. तिला मेक्सिकोत माती मिळाली ती २०१३ मध्ये.

मालकांना म्हटलं, "मामा, ही सर्कशीत कशाला? चरित्रांत ठेवा की."

"सिस्टर, सर्कशीच्या खणात लोक हात तरी घालतात. चरित्रं कोण बघतंय?"

लेंटही हेच बोलला असता, असं मी तोंडावर सांगितलं. मामा हसले आणि दीडशेचं पुस्तक शंभरात दिलं. खण काही बदलला नाही.

घरी आल्यावर कळलं, मधली चित्रांची पानं कुणीतरी ब्लेडनं कापून नेलीत. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं, म्हणून एक तारा कमी. तक्रार केल्यावर पुस्तक परत घ्यायला तयार होते. मीच दिलं नाही.

वाचलेलं पुस्तक परत नेलं तर निम्मी किंमत वळती करून देतात. माळ्यावरची पुस्तकं मागितल्याशिवाय काढत नाहीत, तेव्हा मागा. आणि घेण्याआधी पानं चाळून बघा.