कणसीमांवरच्या क्षरणाचं मॉडेल: रत्नागिरीत दहा महिने वापरल्यावर

अॅल्युमिनियमचा पत्रा आतून कसा खाल्ला जातो हे संगणकावर दाखवणारं हे मॉडेल मी गेल्या ऑगस्टपासून आठवड्यातून तीन-चारदा तरी चालवतोय. आमचं वर्कशॉप मिरकरवाडा बंदराजवळ. ५०८३ या मॅग्नेशियम मिसळलेल्या अॅल्युमिनियमच्या टाक्या आणि इंजिनावरची झाकणं ही नेहमीची कामं. खारा वारा लोखंड खातो ते उघड दिसतं. अॅल्युमिनियमचं तसं नसतं. वरून पत्रा ठणठणीत, आणि कडेला स्क्रू-ड्रायव्हर टोचला की पापुद्रे सुटतात. असं एक झाकण एका तांडेलांनी आणून दाखवलं, "बघा, तुम्हीच दिलं होतंत." त्या दिवशी मी मॉडेलच्या मागे लागलो.

५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४ ते ४.९ टक्के असतं. पत्रा ५० अंशांच्या वर दीर्घकाळ तापत राहिला की त्यातलं जादा मॅग्नेशियम कणसीमांवर, म्हणजे धातूच्या बारीक स्फटिक-कणांमधल्या सीमांवर, 'बीटा' नावाच्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियम संयुगाच्या रूपात साचू लागतं. खाऱ्या पाण्यात हे बीटा आजूबाजूच्या धातूपेक्षा लवकर विरघळतं, आणि क्षरण सीमेसीमेने आत शिरतं. एग्झॉस्टशेजारचं झाकण रोज तापतं, म्हणून आधी तेच जातं.

मॉडेलमधले धातूचे कण 'नेपर' या मुक्त सॉफ्टवेअरने तयार करतो. ते कमांडवर चालतं, सवय व्हायला पंधरा दिवस गेले, पण त्याबद्दल तक्रार नाही. लाटलेल्या पत्र्यातले कण भाकरीसारखे चपटे असतात, तो आकार त्यात देता येतो. पुढचा भाग पायथॉनमध्ये मीच लिहिला: चौकटींची जाळी, सीमेवरच्या प्रत्येक चौकटीत बीटा आहे की नाही, आणि पाणी पोचलं तर ती किती लवकर विरघळेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिले चार महिने मी द्विमितीय आवृत्ती वापरली आणि फसलो. कागदावर कणसीमा ही एक रेघ असते. रेघेत बीटा तुटलं की क्षरण थांबतं, त्यामुळे प्रत्येक वेळी पत्रा सुरक्षित दिसायचा. खऱ्या धातूत सीमा म्हणजे पृष्ठभाग. एका जागी खंड पडला तरी बाजूने वळसा घालून वाट सापडते. त्रिमितीय केल्यावर तेवढंच बीटा असताना क्षरण खोलवर गेलं. ८ जीबीच्या लॅपटॉपवर मोठा नमुना मावत नाही, रात्रभर लावून ठेवावा लागतो. तरीही त्रिमितीयच करा, यात तडजोड नको.

याचा प्रत्यक्ष फायदा झाला. चपट्या कणांमुळे पत्र्याच्या जाडीतून जाणारी वाट नागमोडी होते, पण कापलेल्या कडेतून आणि भोकांच्या आतून ती सरळ असते. मॉडेलने हे ठळक दाखवलं तेव्हापासून प्रत्येक कड आणि बोल्टचं भोक रंगवून, सील करूनच झाकण देतो.

मॉडेल कमी पडतं ते आपल्या हवेपुढे. मी पत्रा सतत खाऱ्या पाण्यात बुडालेला धरला होता. कोकणात तसं होत नाही. पावसाळ्यात मीठ धुऊन जातं, उलट दिवाळीनंतर मिठाचा थर बसत राहतो आणि पहाटेच्या दवाने तो ओला होतो. ओलं-सुकं चक्र घातल्यावर अंदाज जमिनीवर आला. बीटा किती साचलंय हा आकडा मात्र मॉडेल देत नाही, तो बाहेरून मिळवावा लागतो. त्यासाठी एएसटीएम या मानक संस्थेची जी ६७ चाचणी: तुकडा ३० अंशांच्या तीव्र नायट्रिक आम्लात २४ तास ठेवून वजनातली घट मोजायची. दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅमपर्यंत पत्रा चांगला, २५ च्या वर धोक्याचा. ही लॅबमध्येच करून घ्या, वर्कशॉपात ते आम्ल हाताळू नका.

१ जूनपासून मासेमारी बंद आहे, होड्या किनाऱ्यावर आहेत. दोन जुनी झाकणं मागून आणली आहेत, एक एग्झॉस्टजवळचं, एक थंड बाजूचं. दोन्ही लाटण्याच्या दिशेत आणि जाडीच्या दिशेत कापून, पॉलिश करून खोली मोजायला घेतलीय.