काँक्रीटच्या भिंतींचे घर आणि वाय-फाय : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

विलेपार्ल्यातील आमची जुनी तीन मजली इमारत पुनर्विकासात पाडली गेली आणि गेल्या दिवाळीत आम्ही त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत राहायला आलो. जुन्या घरातला साधा राउटर मागच्या खोलीपर्यंत आरामात पुरत असे. नव्या घरात राउटर तोच, १०० मेगाबिटची जोडणीही तीच आणि क्षेत्रफळही फारसे वाढलेले नाही. तरीही आतल्या बेडरूममध्ये आईचा नाशिकच्या ताईशी चाललेला व्हिडिओ कॉल सारखा गोठू लागला, आणि घरून काम करणाऱ्या माझ्या पत्नीला महत्त्वाच्या बैठकांसाठी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन उभे राहावे लागू लागले.

कारण भिंतींत होते. नवी इमारत मिवान पद्धतीची आहे. या पद्धतीत अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा सळयांच्या जाळीसकट काँक्रीटची असते. विटेच्या भिंतीतून रेडिओलहरी बऱ्यापैकी पार होतात, अशा भिंतीतून फारच कमी होतात, आणि वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींचे हाल २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा अधिक होतात. त्यात फायबरची तार मुख्य दारापाशी येत असल्याने राउटर चपलांच्या कपाटात, विजेच्या लोखंडी पेटीला खेटून बसवलेला होता. मोबाइलवरील अॅपने मोजले तेव्हा राउटरजवळ उणे ४१ आणि आतल्या बेडरूममध्ये उणे ८१ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे एकक) आले. ही मोजपट्टी दर १० आकड्यांना दहापटीने बदलते. म्हणजे आत पोहोचणारा सिग्नल राउटरजवळच्या सिग्नलच्या दहा हजाराव्या भागाइतका उरला होता. दुकानदार राउटर दाखवण्याआधी घर किती चौरस फुटांचे आहे ते विचारतात. माझ्या मते भिंत कशाची आहे हे आधी विचारायला हवे.

पहिला उपाय फुकटचा होता. राउटर कपाटाबाहेर काढून पॅसेजच्या तोंडाशी उंचावर लावला, तेवढ्याने आतले मोजमाप उणे ७५ वर आले. सिग्नल चौपट झाला, पण कॉल गोठायचे थांबले नाहीत.

मग राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा, सुमारे १,८०० रुपयांचा रिपीटर आणला आणि तो नेमका चुकीच्या जागी, म्हणजे बेडरूममध्येच लावला. मोबाइलवर सगळ्या कांड्या भरलेल्या दिसत आणि वेग मात्र ७ मेगाबिट मिळे, कारण रिपीटरला स्वतःलाच तिथे क्षीण सिग्नल मिळत होता आणि तोच तो पुढे जोरात ऐकवत होता. पॅसेजच्या मध्यावर हलवल्यावर वेग २८ ते ३० झाला. एकाच रेडिओवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही करणाऱ्या अशा उपकरणात निम्मा वेळ खर्ची पडतो, त्यामुळे त्याहून अधिक मिळण्याची आशा नव्हती. केवळ मालिका पाहणाऱ्या घराला एवढे पुरेल, आमचे भागेना.

डिसेंबरमध्ये दोन नगांचा मेश संच, म्हणजे मिळून एकच नेटवर्क चालवणारी राउटरची जोडी घेतली. पहिला महिना ती बिनतारी चालवली आणि बेडरूममध्ये ४५ ते ५० मेगाबिट मिळाले, मात्र पॅसेजचे दार बंद केले की आकडा घसरे. खरा फरक पडला तो दोन्ही नग केबलने जोडल्यावर. भिंत फोडण्याची गरज भासली नाही, कारण टीव्हीच्या केबलसाठी हॉलपासून बेडरूमपर्यंत पाइप आधीच भिंतीत टाकलेला होता. वायरमनने जुन्या केबलच्या टोकाला नेटवर्कची कॅट ६ केबल बांधली आणि दुसऱ्या बाजूने ओढून १४ मीटर केबल अर्ध्या तासात आत घातली. त्या संध्याकाळी आतल्या खोलीत ९३ मेगाबिट दिसले, आणि त्यानंतर पत्नीला बैठकीसाठी एकदाही ओट्याशी यावे लागलेले नाही.

एक गोष्ट मला नंतरच उमगली. आमच्या मजल्यावर शेजाऱ्यांची पंचविसेक नेटवर्क दिसतात, आणि २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल १, ६ आणि ११ असे तीनच असल्याने तिथे कायम गर्दी असते. काँक्रीट आमचा सिग्नल अडवते तसा शेजाऱ्यांचाही अडवते. म्हणून खोलीतच ५ गिगाहर्ट्‌झचा नग असला की ती भिंत उपयोगाची ठरते.

दोष सांगायलाच हवेत. हॉलमधून आत जाताना फोन जुन्याच नगाला चिकटून राहतो. कोणत्या नगाशी जोडून घ्यायचे हे शेवटी फोन ठरवतो, त्यामुळे चालू कॉल क्षणभर अडखळतो. जुलैमध्ये जोडणी २०० मेगाबिटची केली तेव्हा हॉलमध्ये १९० आणि बेडरूममध्ये मात्र ९४ च मिळू लागले. दोन दिवस संचालाच दोष दिला. प्रत्यक्षात केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी तपकिरी जोडीतील एक तार टोकाला नीट बसलेली नव्हती. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १,००० मेगाबिटला, चारही लागतात, म्हणून सहा महिने हा दोष लपून राहिला. कनेक्टर बदलल्यावर आतही १९० मिळाले. केबल टाकून घेताना त्याच वेळी जोडणी १,००० दाखवते का, हे पाहून घ्यावे.

आमच्या संकुलातील दुसऱ्या विंगच्या वरच्या मजल्यांच्या भिंती अजून ओतायच्या आहेत. मुख्य दारापासून प्रत्येक खोलीपर्यंत एक रिकामा पाइप आताच टाकून घ्यावा, असे पत्र मी गेल्या आठवड्यात सोसायटीच्या समितीला दिले आहे.