फी माफ करून घ्यावी की वरचं कार्ड घ्यावं?

क्रेडिट कार्डाचं वर्ष भरत आलं की बँकेकडून दोन तऱ्हेच्या ऑफर मिळू शकतात. 'कार्ड बंद करायचंय' म्हटलं की फी माफ किंवा अर्धी होते. खर्च नियमित असेल तर 'वरच्या', म्हणजे जास्त फी आणि जास्त फायदे असलेल्या कार्डाचा (अपग्रेडचा) फोन येतो. माफी एका वर्षापुरती असते. वरच्या कार्डाची फी मात्र दरवर्षी मागे लागते.

हिशेब मांडून पाहू. समजा हातातल्या कार्डाची फी १,००० रुपये, १८ टक्के जीएसटीसह १,१८०. वरच्या कार्डाची २,५००, म्हणजे २,९५०. वर्षाचा खर्च ३ लाख, पण त्यातले ६० हजार घरभाडं, पेट्रोल आणि वॉलेटमध्ये गेले, ज्यावर बहुतेक कार्डं काही देत नाहीत. उरले २ लाख ४० हजार. जुनं कार्ड १ टक्का परत देतं, नवं दीड.

फी भरून जुनं कार्ड: २,४०० − १,१८० = १,२२०
फी माफ करून जुनं कार्ड: २,४००
वरचं कार्ड: ३,६०० − २,९५० = ६५०

यातले १ लाख परदेशात खर्च होणार असतील तर चित्र बदलतं. फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार, साडेतीनऐवजी २ टक्के असेल, तर १,५०० आणि त्यावरचा जीएसटी २७० असे १,७७० वाचतात. वरचं कार्ड २,४२० वर येतं. फी माफीपेक्षा अवघे २० रुपये जास्त! विमानतळावरच्या लाउंजची किंमत यात धरू नका. पुष्कळ कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात.

माफीची ऑफरही नीट ऐकावी. 'फी भरा, ४,००० पॉइंट देतो' यात पॉइंट २५ पैशांचा असेल तर हाती येतात १,००० रुपये, आणि फी गेली १,१८०. '९० दिवसांत ५० हजार खर्च करा' ही अट तो खर्च एरवीही होणार असेल तरच मान्य करा. फीसोबत जीएसटीही परत मिळणार का, कोणते खर्च मोजणार, हे विचारून उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचा होकार पुढच्या स्टेटमेंटपर्यंत टिकेलच असं नाही.

अपग्रेडमध्ये सगळ्यात महाग चूक म्हणजे लाइफटाइम फ्री कार्ड देऊन 'पहिलं वर्ष मोफत' कार्ड घेणं. शिवाय नंबर बदलला की वीजबिल, ओटीटीचे ऑटो-पे अडतात. जुने पॉइंट नव्या कार्डावर येणार का आणि वर्षभरात ठरावीक खर्चावर फी माफ होत असेल तर तो खर्च शून्यापासून मोजणार का, तेही आधी विचारा. स्पष्ट संमतीशिवाय अपग्रेड करून फी लावली, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ती परत करून वर तिच्या दुप्पट दंड द्यावा लागतो.

काहीच जमलं नाही तर पॉइंट वापरून, बाकी शून्य करून बंद करण्याची विनंती लेखी द्या. बाकी नसेल तर ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवं. त्यापुढे प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.