न्यू जर्सीची स्पेशल एज्युकेशन सेवा: मूल हात उचलतं तेव्हा कितपत कामाची?

दुपारी शाळेतून फोन येतो: "मुलाने वर्गात मारामारी केली आहे, न्यायला या." एडिसन असो की पार्सिपनी, मराठी आईबाप गाडी काढतात, शिक्षकांची माफी मागतात आणि घरी आणून मुलाला फैलावर घेतात. प्रकरण मिटल्यासारखं वाटतं. पण शाळेच्या दप्तरात त्या दुपारची नोंद बऱ्याचदा नसतेच. या सेवेचं पहिलं दुखणं ते.

अपंगत्व असलेल्या मुलांसाठीची पब्लिक स्कूलमधली ही सेवा पालकांना मोफत आहे आणि 'आयडिया' या केंद्रीय कायद्यावर चालते. मूळ कायदा 1975 चा. न्यू जर्सीत कारभार डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे स्थानिक शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) चाइल्ड स्टडी टीमकडे असतो: सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर आणि एलडीटीसी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणी तपासणारी शिक्षिका. आमचं मत आधीच सांगतो: हक्कांची चौकट भक्कम, वागणुकीची तपासणी डिस्ट्रिक्टगणिक कमीजास्त, आणि पालकांना वेळेवर समजावून सांगण्यात सेवा साफ कच्ची.

चौकट दहाच्या आकड्यावर उभी आहे. आयईपी, म्हणजे मुलासाठी लेखी ठरवलेली स्वतंत्र शिक्षणयोजना, असलेल्या मुलाला सलग 10 पेक्षा जास्त शाळेचे दिवस बाहेर ठेवलं, किंवा तुकड्यातुकड्यांनी तेवढे दिवस भरून त्यातून एक साचा दिसला, तर कायद्याच्या भाषेत त्याची 'प्लेसमेंट', म्हणजे शिकण्याची ठरलेली जागा, बदलली. मग तो निर्णय झाल्यापासून 10 शाळेच्या दिवसांत मॅनिफेस्टेशन मीटिंग, म्हणजे वागण्याचा अपंगत्वाशी संबंध आहे का हे ठरवणारी बैठक, घ्यावीच लागते. म्हणूनच "न्यायला या"चा फोन महाग पडतो. अर्धा दिवस घरी पाठवणं हेही काढून टाकणंच, आणि ते हिशेबात धरायला हवं. आयईपीत बस लिहिलेली असेल तर बसबंदीही त्यातच. फोन आला की त्याच संध्याकाळी दोन ओळींची ईमेल टाकावी: आज अमुक वाजता तुम्ही मुलाला न्यायला सांगितलं, हे सस्पेन्शन आहे का, असल्यास लेखी कळवा. केस मॅनेजर (मुलाचं आयईपी सांभाळणारी टीममधली व्यक्ती) आणि प्रिन्सिपल दोघांनाही. एवढ्याने तोंडी फोन बरेच कमी होतात.

मीटिंगमध्ये प्रश्न दोनच. हे वागणं अपंगत्वामुळे घडलं का, किंवा त्याच्याशी थेट आणि ठळक संबंध आहे का? आणि शाळेने आयईपी नीट न राबवल्याचा हा थेट परिणाम आहे का? एकाचंही उत्तर 'हो' आलं की मूल पूर्वीच्या वर्गात परत येतं (दोन्ही बाजूंनी दुसरं काही ठरवलं नाही तर), आणि वर्तनाची तपासणी व योजना करावी लागते. पालक पहिल्या प्रश्नावर सगळा जोर लावतात. दुसरा जास्त कामाचा. आयईपीत आठवड्याला 30 मिनिटं कौन्सिलिंग लिहिलंय आणि तीन महिन्यांत चारच सत्रं झालीत, तर सत्रांच्या नोंदी मीटिंगआधी मागवून टेबलावर ठेवाव्या. दोन्ही उत्तरं 'नाही' आली तर इतर मुलांना लागू होणारी शिक्षा होते, पण शिक्षणसेवा थांबवता येत नाही.

अपवाद तीन: शस्त्र, ड्रग्ज आणि गंभीर शारीरिक इजा. यांत शाळा मुलाला केंद्रीय कायद्याप्रमाणे 45 शाळेच्या दिवसांपर्यंत दुसऱ्या जागी हलवू शकते, मॅनिफेस्टेशनचं उत्तर काहीही असो. मीटिंग तेव्हाही होतेच. इथे शब्दांचा खेळ होतो. 'गंभीर इजा' म्हणजे जिवाला धोका, असह्य वेदना, दीर्घकाळ टिकणारं ठळक विद्रूपीकरण किंवा एखादा अवयव दीर्घकाळ निकामी होणं. चावा, ओरखडा, सुजलेला ओठ सहसा यात बसत नाही. अडीच इंचांपेक्षा लहान पात्याचा खिशातला चाकूही या व्याख्येतलं शस्त्र नाही, शाळेच्या इतर नियमांत तो गुन्हा असला तरी. शाळेला धोका खरोखर मोठा वाटत असेल तर तिने सुनावणी अधिकाऱ्याकडे जावं. 1988 च्या होनिग विरुद्ध डो खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांना सुप्रीम कोर्टाने हेच बजावलं होतं: मूल धोकादायक आहे असं स्वतःच ठरवून त्याला बेमुदत बाहेर ठेवता येणार नाही.

आता सेवेचा सगळ्यात कमअस्सल भाग, एफबीए, म्हणजे वर्तनाची कारणमीमांसा. पुष्कळ अहवालांत लिहिलेलं असतं, "विद्यार्थी आक्रमक होतो." हे निरीक्षण नव्हे, शेरा आहे. कामाची नोंद अशी दिसते: गणिताच्या तासाला लेखी काम वाटल्यावर चौथ्या मिनिटाला पेन्सिल फेकली, शिक्षिका जवळ येताच शेजारच्या मुलाच्या दंडावर मूठ मारली, त्याला ऑफिसात नेलं, वर्कशीट राहिलं. आधी काय, मग काय, नंतर काय. अशा नोंदी वेगवेगळ्या तासांच्या आणि बऱ्याच दिवसांच्या हव्यात. एका सकाळच्या निरीक्षणावर बेतलेला अहवाल परत करावा.

वरच्या नोंदीत कारण उघड आहे: मूल कामापासून सुटका मिळवतंय. मग ऑफिसात पाठवणं किंवा घरी धाडणं हे त्याला बक्षीसच! मारलं की वर्कशीट टळतं, हे ते पक्कं शिकतं. चांगली योजना त्याला मारण्याऐवजी वापरायचा मार्ग देते, उदाहरणार्थ 'ब्रेक'चं कार्ड, काम पाच-पाच गणितांच्या तुकड्यांत, आणि ब्रेक संपला की तेच काम पुन्हा समोर. कार्ड कुठल्या खिशात, बदली शिक्षक आला तर त्याला कोण सांगणार, हेही त्यात लिहिलेलं असावं. योजना बहुतेक वेळा बदली शिक्षकाच्या दिवशीच कोसळते. दर वेळी बाकीच्या वर्गाला बाहेर काढणं आणीबाणीत ठीक, पण तीच योजना असेल तर इतर मुलांचाही अभ्यास बुडतो.

आवरण्यासाठी मुलाला धरून ठेवलं तर? न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे अपंगत्व असलेल्या मुलाच्या बाबतीत पालकांना ताबडतोब कळवायचं आणि 48 तासांत लेखी अहवाल द्यायचा. मागितल्याशिवाय तो हाती पडेल या भरवशावर राहू नये.

आपल्या लोकांची एक चूक मात्र सेवेच्या माथी मारता येत नाही. शाळा स्पेशल एज्युकेशनसाठी तपासणी सुचवते आणि "पोराला शिक्का नको" म्हणून घरचे नकार देतात. आयईपी नसलेल्या मुलालाही हे संरक्षण मिळू शकतं, पण घटनेपूर्वी पालकांनी लेखी काळजी कळवली असेल, तपासणी मागितली असेल, किंवा शिक्षकाने वागण्याच्या ठराविक साच्याबद्दल वरिष्ठांना सांगितलं असेल तरच. तपासणीला नकार दिला की ती ढाल गळून पडते. लेखी अर्ज केल्यावर 20 दिवसांत मीटिंग आणि संमती दिल्यापासून 90 दिवसांत तपासणी ते आयईपी लागू होणं, अशी राज्याची मुदत आहे.

वेगळ्या शाळेचा प्रस्ताव आला की दोन्ही टोकांचे पालक भेटतात: हादरणारे आणि हायसं वाटणारे. राज्याने मान्यता दिलेल्या खासगी विशेष शाळेत डिस्ट्रिक्टने पाठवलं तर फी डिस्ट्रिक्टच भरतो. लहान वर्ग, प्रशिक्षित माणसं, काही मुलांना खरंच मानवतं. पण आधी विचारावं: सध्याच्या वर्गात कोणती मदत, किती आठवडे, कोणत्या आकड्यांनिशी करून पाहिली? परतीच्या अटी काय? परतीचा रस्ता न लिहिलेली प्लेसमेंट आम्ही नापास करतो.

मीटिंगला मराठी दुभाषा मागता येतो, खर्च शाळेचा. नववीतल्या ताईला भावाच्या मीटिंगमध्ये भाषांतराला बसवू नका. वाद वाढलाच तर न्यू जर्सीत पुराव्याचा भार डिस्ट्रिक्टवर असतो, म्हणजे आपलं बरोबर हे त्यालाच सिद्ध करावं लागतं, ही पालकांची मोठी सोय. नेवार्कच्या स्पॅन या संस्थेकडून पालकांना मोफत मार्गदर्शन मिळतं. आणि पहिल्या आयईपीला सही लागते, पण पुढच्या बदलांना गप्प राहिलात तर लेखी नोटिशीनंतर 15 दिवसांनी ते लागू होतात. मान्य नसेल तर त्या 15 दिवसांतच मीडिएशन (मध्यस्थी) किंवा सुनावणीचा अर्ज गेलेला असावा.