नाशिकच्या अंबडचं बिनपाटीचं गॅरेज: जोंगाची वायरिंग आणि ब्रेक, सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. मिलिटरी डिस्पोजलची, म्हणजे फौजेने वापरून विकायला काढलेली गाडी असेल, जोंगा म्हणा, जुनी जीप म्हणा, आर्मीची जिप्सी म्हणा, आणि तिला इलेक्ट्रिकचा नाहीतर ब्रेकचा असला फॉल्ट असेल जो येतो आणि जातो आणि मिस्त्रीसमोर कधीच येत नाही, तर डोळे झाकून इथे जा. एलईडी बार टाकायचाय, मोठा म्युझिक सिस्टीम बसवायचाय, "गाडीला लुक द्यायचाय" असं काही असेल तर जाऊ नका, उगाच बोलणी खाल. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

गॅरेजला पाटी नाही, गुगलवर पण सापडत नाही. गरवारे पॉइंटवरून एमआयडीसीत आत शिरायचं आणि कुठल्याही चहावाल्याला मिलिटरी गाड्यांचं शेड विचारायचं. चालवणारे काका ईएमईमधून रिटायर झालेत, म्हणजे आर्मीचं ते खातं जे रणगाड्यापासून वायरलेस सेटपर्यंत सगळं दुरुस्त करतं. हाताखालची पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, मग आपणही तेच म्हणायचं. आपल्याकडे देवळाली आहे, नाशिक रोडला आर्टिलरी सेंटर आहे, त्यामुळे रिटायर फौजी गल्लोगल्ली भेटतात पण हातात मीटर धरून शांतपणे वायर शोधत बसणारा माणूस मला तरी हा पहिलाच भेटला.

माझी गाडी जोंगा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, निसानच्या पट्रोल ६० वरून जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ ते १९९९ बनलेली, सहा सिलिंडर, ३९५६ सीसी पेट्रोल इंजिन, अ‍ॅव्हरेज विचारू नका. माझी फौजेचा वायरलेस रेडिओ बसवलेली होती म्हणून २४ व्होल्टची, १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडरला, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो त्याला, एकच लाइन, म्हणजे कुठेही गळालं की चारही चाकांचा ब्रेक गेला. ही गोष्ट डोक्यात ठेवूनच ही गाडी चालवायची असते, पण आपल्याकडे लोक रील बनवण्यात दंग.

तक्रारी तीन होत्या. एक, रात्री चांगली उभी केलेली गाडी सकाळी सेल्फच मारत नाही, पण रोज नाही, कधी तरीच. दोन, तासभर चालवली की गाडी जड होते, न्यूट्रल टाकली की लगेच थांबते, ड्रमला हात लावला तर चटका. तीन, ब्रेक मारला की उजवीकडे ओढते आणि कसारा उतरताना एकदा पेडल चक्क खाली गेलं, गिअरवर आणि देवाच्या भरवशावर उतरलो.

याच्या आधी शहरातल्या दोन ठिकाणी दाखवली होती, नावं घेत नाही. एकाने दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या, डायनेमो सोडवून बांधला आणि महिन्यात परत तेच. दुसऱ्याने मास्टर सिलिंडरला किट, म्हणजे आतले नवे रबर टाकले, चारही चाकांना लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या टाकल्या आणि पेडल एकदम वर आणून दिलं, बघा साहेब कसं कडक लागतंय. कडक लागत होतं खरं. चाकं पण कडकच झाली होती.

आता उस्तादांनी काय केलं ते नीट सांगतो कारण रिव्ह्यूचा मुद्दा तोच आहे. गाडी घेऊन गेलो तर पहिले पाना उचललाच नाही. मीटर काढला आणि दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजल्या. एक ११.८, दुसरी १२.९ आणि त्या दुसरीचं पाणी प्लेटच्या खाली गेलेलं. मला म्हणाले, "दादा, टेप कुठून घेतलाय?" टेप आणि मोबाईलचा चार्जर आधीच्या मालकाने खालच्या एकाच बॅटरीवरून काढला होता, १२ व्होल्ट सोपे मिळतात म्हणून. पण चार्जिंग दोघींना मिळून २८ व्होल्टच्या आसपास मिळतं, ते जाताना समान वाटलं जात नाही, जिच्यावरून टेप घेतलाय ती उपाशी राहते आणि दुसरीला अजीर्ण होतं. नव्या बॅटऱ्या घातल्या तरी तीच वायर तिथेच असेल तर तेच होणार ना. ती वायर काढली, २४ चा १२ करणारा कन्व्हर्टर लावला, टेप त्याच्यावर घेतला. बॅटऱ्या दोन्ही वेगवेगळ्या चार्जिंगला लावल्या, एक वाचली, एक गेली ती गेलीच.

मग सेल्फ मारायला लावला आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत यायला पाहिजे, दीडच्या जवळ आलं. म्हणजे अर्थिंग खराब, बॅटरीचा मायनस चासीला नीट टेकतच नव्हता. कारण ऐकून हसूच आलं. खाजगी गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही, सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सचा १२१ नंबरचा नियमच आहे तसा, त्यामुळे डिस्पोजलची प्रत्येक गाडी पासिंगच्या आधी रंगवावीच लागते आणि पेंटरवाला चासीवर फवारा मारताना अर्थच्या जागा पण रंगवून टाकतो. वरून पट्टी आवळली की दिसायला बोल्ट टाइट, खाली रंगाचा थर. पट्ट्या सोडवल्या, चासी पांढरी होईपर्यंत घासली, वर ग्रीस लावून आवळली. रुपयाचा पार्ट लागला नाही.

पण रात्रीत बॅटरी कोण खातं हे अजून बाकी होतं. पोराने क्लॅम्प मीटर लावला, सगळं बंद, करंट शून्य. दुसरा कुणी असता तर म्हणला असता काही नाही साहेब, घेऊन जा. उस्ताद म्हणाले, थंड गाडीत हा फॉल्ट दिसणारच नाही, आधी गरम करू. मग हायवेने पांडवलेण्यापर्यंत आणि परत, मुद्दाम ब्रेक मारत मारत. शेडमध्ये आणून चावी बंद केली, मीटर लावला, पावणेदोन अँपिअर. मागे जाऊन बघतो तर दोन्ही ब्रेक लाइट भगभगीत चालू, पेडलवर कुणाचा पाय नाही.

या गाडीचा ब्रेक लाइटचा स्विच पेडलला नाही, ब्रेकच्या पाइपात आहे, ऑइलचं प्रेशर आलं की लागतो. म्हणजे पाय काढल्यावर पण पाइपात प्रेशर शिल्लक होतं. उस्तादांनी मास्टर सिलिंडरपाशी पाइपाचा नट जरासा ढिला केला, ऑइलची चिळकांडी उडाली, चाकं हाताने फिरायला लागली आणि त्याच क्षणी मीटर शून्य. बॅटरीचा फॉल्ट आणि ब्रेकचा फॉल्ट एकच होता राव! मी इतके दिवस दोन वेगवेगळ्या माणसांना दोन वेगवेगळ्या फॉल्टचे पैसे देत होतो.

झालं असं होतं की पेडल वर आणायच्या नादात मागच्या मिस्त्रीने मास्टर सिलिंडरचा दांडा लांब केला होता. दांडा आणि पिस्टनमध्ये किंचित फट पाहिजे, ती नसली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलेलंच राहतं. गाडी गरम झाली की ऑइल फुगतं, जायला जागा नाही, मग लायनर ड्रमला चिकटतात, आणखी गरम, आणखी फुगतं. कसाऱ्याला पेडल खाली गेलं ते पण त्यातलंच, ऑइल उकळून त्याची वाफ झाली की पेडल मऊ पडतं. डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑइल कोरं असताना २०५ डिग्रीला उकळतं पण ते हवेतलं पाणी ओढतं, ओल धरली की तोच आकडा १४० वर येतो, आणि माझं ऑइल काळं चहासारखं झालं होतं.

बरं, चावी बंद असताना ब्रेक लाइट चालूच कसा राहतो? तर मिलिटरी गाडीत ब्रेक लाइटची वायर मेन लाइटच्या मोठ्या स्विचमधून जाते. तो स्विच ब्लॅकआउटवर, म्हणजे शत्रूला उजेड दिसू नये त्या पोझिशनवर असला की ब्रेक लाइट लागतच नाही, रात्री कॉनव्हॉयमध्ये, म्हणजे गाड्यांच्या ताफ्यात, लागून चालणारच नाही ना. तेव्हा बघायचं ते पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शियलवर, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधल्या गोळ्यावर, ते पांढरं रंगवलेलं असतं आणि त्याच्यावर एक छोटा दिवा, मागची गाडी तेवढं बघून चालते. आधीच्या कुणाला तरी हे माहीत नव्हतं, त्याचा ब्रेक लाइट लागेना, म्हणून त्याने बॅटरीवरून थेट वायर ओढून दिली, मध्ये फ्यूज पण नाही. दिवसा बरं होतं. रात्री पार्किंगला माझ्या गाडीची पाठ भिंतीला आणि वर ताडपत्री, कोणाला दिसणार. पहाटे थंड झाली की प्रेशर उतरतं, लाइट आपोआप बंद, सकाळी पुरावा गायब. ती थेट वायर काढून टाकली, मोठा स्विच उघडून कॉन्टॅक्ट साफ केले, मूळ वायरिंग परत चालू केली. काम चालू असताना म्हणाले, "फौजची वायरिंग वाईट नसते हो, फौजनंतरची असते."

उजवीकडे ओढायचं कारण वेगळं निघालं. डाव्या पुढच्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले लायनर ड्रमवर दाबणारा तो, आतून गंजून जाम, म्हणजे ब्रेक एकटं उजवं चाकच मारत होतं. याला घासून किट टाकतो असं नाही म्हणाले, खड्डे पडलेत, बदलायचाच. तो नाशकात मिळाला नाही, इथल्या द्वारका भागात विचारून झालं, शेवटी दिल्लीहून मायापुरीच्या बाजारातून मागवला आणि तिथे वेळ गेला. तोपर्यंत जुनं ऑइल सगळं काढून पाइप धुतले. काढलेल्या ऑइलचा एक थेंब पाण्यात टाकून दाखवला, ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात विरघळतं, कुणी इंजिन ऑइल नाहीतर गिअरचं ऑइल ओतलं असेल तर वर तरंगतं आणि मग सगळे रबर फुगलेले समजायचे. माझं विरघळलं, नशीब.

आता तो एक स्टार. पहिलं म्हणजे वेळ. हा माणूस एका वेळी एकच गाडी घेतो आणि फोन उचलत नाही, कधी होईल विचारलं की होईल तेव्हा. दुसरं, हँडब्रेक. या गाडीत हँडब्रेक चाकाला नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा) मागे प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, ड्रमला आहे, माझ्या तिथल्या सीलमधून ऑइल गळून लायनर भिजलेत, हे त्यांनीच दाखवलं आणि तसंच सोडून दिलं. सांगितलं होतं तरी. पुढच्या वेळी बघू म्हणे, तोवर उतारावर उभी करताना गिअरमध्ये ठेवा आणि दगड लावा. अहो पण मी गाडी घेऊन आलोच होतो ना! तिसरं, काम पक्कं पण दिसायला गबाळं, नवीन वायरवर स्लीव्ह नाही, नुसती काळी टेप गुंडाळलेली, माझ्यासारख्याला ते खुपतं. बसायला जागा नाही, पत्रा तापला की आत भट्टी, पावसाळ्यात गळतं.

पैशांचं म्हणाल तर शोधायचे वेगळे आणि करायचे वेगळे लावतात आणि यावर बऱ्याच जणांची भांडणं झालीत असं तिथल्या पोराने सांगितलं. मला पटलं. आधीच्या दोघांनी शोधायचा एक पैसा लावला नव्हता, पार्ट मात्र भरपूर विकले. इथे लेबर ११,००० च्या आसपास झालं, त्यात निम्मं नुसतं शोधायचं, पार्टमध्ये एक व्हील सिलिंडर, एक बॅटरी, कन्व्हर्टर, ऑइल आणि किरकोळ. मी गाडी १२ व्होल्टवर करून टाका म्हणत होतो, ते काम त्यांनी घेतलंच नाही. सेल्फ, वायपर, सगळे बल्ब, सगळं बदलावं लागेल आणि चांगली चालणारी गोष्ट मोडून काय मिळवाल, असं. बाहेर दुसरा कुणी हसत हसत केलं असतं आणि वीस-पंचवीस हजार लावले असते.

गाडी आल्यावर नांदुरीवरून वणीच्या गडावर घेऊन गेलो, मुद्दाम. उतरताना पेडल जिथे होतं तिथेच, ओढत नाही, खाली येऊन ड्रमला हात लावला तर गरम पण हात ठेवता येतो. रात्री ताडपत्री टाकायच्या आधी मागे जाऊन दिवे बघायची सवय लागलीय आता, बंदच असतात. सकाळी अर्ध्या सेल्फात चालू.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा आणि गाडीची हिस्ट्री डोक्यात घेऊन जा, कुठला फॉल्ट कधी येतो, थंडीत का गरम झाल्यावर, पावसात का कोरड्यात, कारण पहिला अर्धा तास नुसते प्रश्नच विचारतात. आधीच्या मिस्त्रीने काढलेले जुने पार्ट टाकून दिले नसतील तर ते पण न्या. जिप्सीवाल्यांचं काम तुलनेत लवकर होतं, पार्ट मिळतात म्हणून. फौजेच्या जुन्या शक्तिमान ट्रकवाला एक जण बाहेर थांबलेला दिसला, त्याला शेडमध्ये जागा नाही म्हणून रस्त्यावरच काम चालू होतं. रविवारी बंद, आणि अमावस्येला पण.